कोल्हापूरला जाताना काटा ८० वर ठेवावा की १०० वर?

पुणे ते कोल्हापूर, महिन्यातून दोन खेपा, गेली सहा वर्षं. गाडी १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल. त्यातली पहिली तीन वर्षं मोकळा रस्ता दिसला की मी १०० धरायचो. नंतरची तीन ८० ते ८५. गाडी तीच, रस्ता तोच, येताना आई डिकीत भरून देते ते सामानही तेवढंच. म्हणून कुणी नवी गाडी घेऊन 'हायवेला अ‍ॅव्हरेज किती पडेल?' असं विचारलं, की मी गाडीचं नाव नंतर विचारतो. आधी विचारतो, तुम्ही चालवता कितीने?

माझा हिशोब टाकी फुल ते टाकी फुल, शक्यतो एकाच पंपावर. १०० च्या दिवसांत १७-१८ पडायचं, ८० ला २१-२२ पडतं. भर पावसात किंवा चार माणसं बसली की आकडा थोडा हलतो, हे मान्य. पण दोन्हींमधलं अंतर कधी मिटलं नाही. २३० किलोमीटरला म्हणजे एका बाजूला सव्वादोन-अडीच लिटर पेट्रोलचा फरक. दोन्ही खेपांचं जाणं-येणं धरलं तर महिन्याला नऊ-दहा लिटर.

एवढा फरक पडतो तो मुख्यतः हवेमुळे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० चे १०० झाले की वेग सव्वापट होतो, पण हवा दीडपटीहून जास्त जोराने मागे रेटते. कंपनीच्या कागदावरचा आकडा इथे कामाला येत नाही. तो कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत रोलरवर, ठरलेल्या वेगचक्राने काढलेला असतो, आणि त्या चक्रात वेग ९० च्या वर जातच नाही. १०० ने जाणाऱ्याने त्या आकड्याची आशा धरली तर निराशाच होणार.

आता १०० च्या बाजूने. वेळ वाचतो, नाही असं नाही. कागदावर २३० किलोमीटरला पस्तीस मिनिटं वाचायला हवीत. पण नवले पुलापर्यंतचं शहर, खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी हे चार टोलनाके, खंबाटकीचा चढ आणि रुंदीकरणाची वळणं वजा केली, तर आपल्या मर्जीने वेग धरता येतो असा रस्ता जेमतेम दीडशे किलोमीटर उरतो. तेवढ्यावर बावीस-तेवीस मिनिटं वाचायला हवीत. माझी प्रत्यक्षात दहा-पंधराच वाचायची. उरलेली कुठे जायची, ते कळायला मला तीन वर्षं लागली. माझा निर्णयही त्यावरच झाला.

आपल्याकडे लोड गाड्या उजव्या लेनला चालतात. सुरूर ओलांडलं की दोन ट्रक शेजारीशेजारी, एक पंचावन्नने आणि दुसरा त्याला साठने ओव्हरटेक करतोय, असं दृश्य ठरलेलं. तुम्ही १०० ने येताय. हॉर्न, डीपर, मग ब्रेक. काटा साठवर. ट्रक बाजूला झाला की चौथा गिअर टाकायचा, पाय दाबायचा आणि पुन्हा १०० गाठायचे. त्या वेळी मीटरमधली इन्स्टंट अ‍ॅव्हरेजची पट्टी एकदा बघा, ती सहा-सातवर आलेली असते. दोन-तीन किलोमीटर जात नाहीत तोवर पुढची जोडी. एकदा भुईंज ते सातारा मी ब्रेक मोजले, अकरा वेळा जोरात दाबावा लागला होता. पेट्रोल जाळून मिळवलेला वेग अकरा वेळा ब्रेक पॅडवर घासून टाकला. उसाच्या हंगामात तर हे आणखी वाढतं. पाचवडच्या पुढे, कराडच्या अलीकडे-पलीकडे, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, आणि रात्री मागे धड रिफ्लेक्टर नाही. एका रात्री अशाच ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसाच्या शेंड्यांपासून माझं बॉनेट हातभरावर थांबलं. शेजारी बायको होती. ती एक शब्द बोलली नाही, नुसता डॅशबोर्डवर हात टेकून बसून राहिली. पुढच्या खेपेपासून मी ८० वर आलो.

८० ला ट्रक आडवा येत नाही का? येतोच. पण त्याच्या-आपल्या वेगातला फरक वीस-पंचवीसचा असतो. लांबूनच दिसतं की हा आता उजवीकडे घेणार. पाय उचलला, गाडी गिअरमध्येच राहू दिली, की ती आपोआप पासष्टवर येते. ब्रेकला हात लावावा लागत नाही, म्हणजे खरं तर पाय. आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत असा पाय उचलून गिअरमध्ये धावताना इंजेक्टर जवळजवळ बंद असतात, तेवढा वेळ पेट्रोल जात नाही. १०० वर हे करायला जागाच मिळत नाही.

यावरूनच न्यूट्रलचं सांगतो, कारण 'उतारावर न्यूट्रल टाक, पेट्रोल वाचतं' असं सांगणारे काका प्रत्येक घरात आहेत. कार्बोरेटरच्या काळात त्यात थोडंफार तथ्य असेल. आजच्या गाडीत न्यूट्रल म्हणजे इंजिन आयडलिंगवर, म्हणजे पेट्रोल चालूच. आणि इंजिनाचा ब्रेक गेला तो वेगळाच. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने कित्येक गाड्या एकामागून एक चेपत नेल्या. कृपा करून त्या उतारावर तरी गाडी गिअरमध्ये ठेवा.

एसी, काचा, टायरची हवा यांवर फार लिहीत नाही. हवा गाडी थंड असताना तपासा आणि रिकामं कॅरिअर छपरावरून काढून ठेवा, एवढं पुरे.

८० चा त्रासही सांगायला हवा. मागून डीपर मारणारे भेटतात. मुलं 'बाबा, सगळे आपल्या पुढे चाललेत' म्हणतात. रात्री एकटं असलं की पापणी जड होते. माझ्यापुरतं मी पेठनाक्याला चहाला थांबून ते निभावतो. आणि समृद्धीवर, जिथे वेगमर्यादाच १२० आहे आणि लेन रिकामी असते, तिथे कुणी १०० धरले तर मी चूक म्हणणार नाही. सहा गिअरची डिझेल गाडी असेल आणि पोचायची खरंच घाई असेल, तर १०० चं गणित थोडं बरंही बसेल. कुणाच्या घरी दवाखान्याची वेळ असेल तर हा सगळा हिशोब बाजूला ठेवावा.

पण महिन्याच्या नेहमीच्या खेपेला, या रस्त्यावर, छोट्या पेट्रोल गाडीने, माझं मत तुम्हाला कळलंच असेल. तरी माझ्या शब्दावर जाऊ नका. एक खेप १०० ने करा, एक ८० ने. दोन्ही वेळा एकाच पंपावर, नळी पहिल्यांदा आपोआप बंद होते त्या कटऑफला टाकी फुल. किलोमीटर आणि लिटर लिहून ठेवा, आणि जमलं तर शेजारच्या माणसाला ब्रेक मोजायला सांगा.