सगळ्या कळपाला पाजायचं, की पापणी बघून?

मृगाचा पाऊस पडायच्या आत अल्बेंडाझोल या जंताच्या औषधाची बाटली आणायची आणि अख्ख्या कळपाला पाजायची, ही आपली रुळलेली रीत. एका सकाळी उरकते, कोण राहिलं कोण नाही ही भानगड नाही. पण हल्ली ऐकू येतं ते हेच, "पाजलं, तरी शेरडं वाळतातच."

खरा त्रास देतो तो हिमोंकस नावाचा जंत. चौथ्या पोटात बसून रक्त पितो आणि त्याची एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते. सगळ्यांना पाजलं की औषधाला न जुमानणारे तेवढे वाचतात. त्यानंतर लगेच कोऱ्या रानात कळप सोडला, तर त्या रानात अंडी पडतात ती याच चिवट जंतांची. वर्षातून चार-पाचदा असं केलं, तर चांगलं औषध आपणच बाद करतो.

दुसरी रीत दक्षिण आफ्रिकेतून आलेली, फमाचा. पाच रंगांचा तक्ता असतो. शेळीची खालची पापणी अंगठ्याने ओढून आतला रंग उजेडात ताडून बघायचा. लालभडक असेल तर १, पांढरीफटक असेल तर ५. ४ आणि ५ ला औषध. करडं आणि गाभण शेळी असेल तर ३ लाही. बाकीच्यांना हात लावायचा नाही. त्यांच्या पोटातले साधे, औषधाने मरणारे जंत रानात टिकतात आणि चिवटांची संख्या पातळ करतात. बहुतेक जंत थोड्याच जनावरांत साठलेले असतात, म्हणून हे जमतं. (तक्त्याचा मोबाईलवरचा फोटो वापरू नका, रंग फसवतो.)

यात खोटही आहे. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी एकेक जनावर धरावं लागतं. पापणी फक्त रक्तक्षय सांगते. पट्टकृमी तिच्यात दिसत नाही, आणि यकृतातल्या चपट्या कृमीनेही ती पांढरी पडते.

माझं मत विचाराल तर, बांधून पाळलेल्या वीस-चाळीस शेळ्यांना पापणीच बरी. दोनशे मेंढ्या घेऊन भटकणाऱ्याला ते झेपणार नाही. त्याने निदान धष्टपुष्ट मेंढ्या तरी वगळाव्यात.

कोणतीही रीत धरा, डोस अंदाजाने नको, वजनावर हवा. शेळीचं शरीर बरीचशी जंतनाशकं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे मेंढीचा डोस तिला अनेकदा अपुरा पडतो. पण लेव्हामिसोल जास्त झालं तर विषबाधा होते, म्हणून आकडा डॉक्टरकडूनच घ्या. अल्बेंडाझोल नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळीला नको.

औषध लागू पडतंय का, हे लेंडी सांगते. औषध पाजण्याआधी दहा जनावरांच्या लेंड्यांतली जंतांची अंडी तपासून घ्या, मग पाजल्यावर १० ते १४ दिवसांनी पुन्हा. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली, तर औषधाचा गट बदला. अल्बेंडाझोल सोडून फेनबेंडाझोल आणलं, तर नुसती बाटली बदलली; दोन्ही एकाच गटातली.