दहावीनंतर शॉर्टफिल्म शिकायचीय: मीडिया विषय घ्यावा की साधी अकरावी करत शिकावं?

दहावीचा निकाल लागला की माझ्या एडिटिंगच्या खोलीवर पालक यायला लागतात. "पोराला फिल्मलाइनला जायचंय, काय करू?" लग्नाचे व्हिडिओ कापणं हा माझा धंदा, पण सांगलीतल्या शाळकरी मुलांच्या शॉर्टफिल्ममध्ये माझा जीव अडकलेला आहे, म्हणून यंदा सगळं लिहूनच काढतो.

वाटा तीन. अकरावी-बारावीला मीडिया हाच विषय घ्यायचा, म्हणजे सीबीएसईचा 'मास मीडिया स्टडीज' किंवा एनआयओएस या मुक्त विद्यालयाचा 'मास कम्युनिकेशन'. नाहीतर आपल्या बोर्डाची साधी अकरावी करायची आणि चार मित्र जमवून फिल्म करत राहायचं. तिसरी वाट खासगी क्लासची.

क्लासचं आधी सांगून टाकतो. माझ्या भाचीनं असा एक क्लास केला. तीसेक मुलांत एक कॅमेरा, चार महिन्यांत तिच्या हातात तो दोनदा आला. सर्टिफिकेट मिळालं, फिल्म एकही झाली नाही. सगळे क्लास असे नसतील. पण पैसे भरण्याआधी मागच्या बॅचच्या मुलांनी स्वतः पूर्ण केलेल्या फिल्म बघायला मागा. दाखवल्या नाहीत तर उठून या.

आता खरी तुलना पहिल्या दोन वाटांची.

विषय म्हणून मीडिया घेतला की वाचन होतं, कारण परीक्षा असते. बातमी कशी घडते, जाहिरात कुणाला डोळ्यासमोर ठेवून केलेली असते, रेडिओसाठी लिहिताना वाक्य का लहान ठेवायचं, हे सोळाव्या वर्षी कळलं तर पुढं फार उपयोगी पडतं. अडचण इथल्या परिस्थितीची आहे. शाळा सीबीएसईची असून भागत नाही, तिनं हा विषय सुरू केलेला असावा लागतो. आधी जाऊन विचारा. मराठी माध्यमातून दहावी केलेल्या मुलाला केवळ या एका विषयासाठी अकरावीत इंग्रजी माध्यमात टाकणं मला पटत नाही. त्याची दोन वर्षं भाषेशी झगडण्यातच जातील. एनआयओएसची बारावी मान्यताप्राप्त आहे, परीक्षा वर्षातून दोनदा होते, वेळ भरपूर मोकळा मिळतो. पण रोज सकाळी कुठं जायचंच नसलं की मुलगा एकटा पडतो, आणि एकट्यानं फिल्म होत नाही.

साध्या कॉलेजात माणसं मिळतात, हा दुसऱ्या वाटेचा मोठा फायदा. कुणी गॅदरिंगला एकांकिका बसवतं, कुणाची चित्रकला चांगली असते, कुणाकडं गाडी असते. त्यात आपलं गाव नाटकाचं. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथंच उभं केलं. शाळकरी फिल्मला चांगला नट मिळणं सगळ्यात अवघड असतं. सांगलीत हौशी नाटकवाले चहावर येतात.

मध्यंतरी अकरावीच्या तिघांनी सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर फिल्म केली. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं खोल कोठार, तोंड अरुंद, आत पोट मोठं. 2005 आणि 2019 च्या महापुरांनी त्यांची फार हानी केली. पेवात उतरायचं काम केलेले एक आजोबा बोलायला तयार झाले. पहिल्या दिवशी चित्र सुरेख आलं आणि आवाजात नुसता वारा. दुसऱ्या खेपेला मुलांनी आणखी एक मोबाइल रेकॉर्डिंग चालू करून आजोबांच्या खिशात ठेवला आणि सुरुवातीला एक टाळी वाजवली, म्हणजे एडिटिंगला चित्र आणि आवाज त्या टाळीवर जुळवता येतो. घरात ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे आले. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून शटर, म्हणजे कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी किती वेळ उजेड घेतो ते, 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवायचं, हे त्यांना त्या दिवशी कळलं आणि आता जन्मात विसरणार नाहीत. बोलता बोलता आजोबा चार सेकंद गप्प होऊन पेवाच्या तोंडाकडं बघत राहतात. एडिटिंग करणारी मुलगी ती जागा कापायला निघाली होती. दोनदा बघितली आणि ठेवली. हे पुस्तकातून शिकवता येत नाही.

पालकांची भीती असते ती पुढच्या दारांची. पुण्याची एफटीआयआय, म्हणजे फिल्म शिकवणारी सरकारी संस्था, 1960 साली 'प्रभात' फिल्म स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. तिथल्या दिग्दर्शन, एडिटिंगसारख्या मुख्य अभ्यासक्रमांना पदवी लागते, ती कुठल्याही शाखेची चालते. म्हणजे बारावीला मीडिया नव्हता म्हणून काही अडत नाही. एक अपवाद मात्र नीट लक्षात ठेवा: तिथं साउंडला जायचं तर बारावीला फिजिक्स लागतं. मुलाचा कान तयार असेल, मिरजेच्या तंतुवाद्यांच्या दुकानांसमोर तो रेंगाळत असेल, तर सायन्सचा विचार करा.

खर्च दुसऱ्या वाटेलाही आहे, पण थोडा. घरातला मोबाइल, कॉलरला लावायचा साधा माइक, एक ट्रायपॉड. एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते, लॅपटॉप मात्र जरा दणकट हवा.

मुलगा आधीच सीबीएसईत असेल आणि शाळेत विषय असेल तर बिनधास्त घ्या. स्वतःहून अभ्यासाला बसणाऱ्या, नाटकात मुरलेल्या मुलाला एनआयओएस मानवेल. बाकी सगळ्यांना मी साधी अकरावी आणि मित्रांचा ग्रुपच सांगतो.

तरी ठरत नसेल तर फॉर्म भरण्याआधी मुलाला पंधरा दिवस द्या आणि मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यावर तीन मिनिटांची फिल्म करायला सांगा. पंधराव्या दिवशी फिल्म पूर्ण असेल तर ती कशी झाली याआधी कुणाकुणाला बरोबर घेतलं हे विचारा. नुसते शॉट मोबाइलमध्ये पडून असतील तर फी कुठंच भरू नका, आधी त्याला ते कापायला बसवा. माझी खोली संध्याकाळी सहानंतर उघडी असते.