झोन की मॅन-टू-मॅन: नव्या कोचचा पहिला सीझन

अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे ४७ सीझन कोच राहिलेल्या जिम बोहाइम यांची ओळख म्हणजे २-३ झोन: पुढे दोन, मागे तीन खेळाडू, प्रत्येकाने आपापला भाग राखायचा. २०२३ मध्ये एड्रियन ऑट्री आले, मॅन-टू-मॅनकडे वळले, म्हणजे प्रत्येकाने एकेक प्रतिस्पर्धी धरायचा. पहिल्या सीझनला २० विजय, १२ पराभव.

झोनमध्ये फाउल कमी, दमही वाचतो. पण फ्री थ्रो लाइनपाशी, झोनच्या पोटात, बॉल शिरला की सेंटर (मधला उंच खेळाडू) पुढे सरकतो, मागे बेसलाइन (बास्केटमागची कड) उघडी पडते आणि कोपऱ्यातला थ्री (तीन गुणांचा शॉट) मोकळा मिळतो. रिबाउंडची (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडण्याची) बोंब वेगळीच: कोणी कोणाला अडवायचं हेच ठरलेलं नसतं.

मॅन-टू-मॅनमध्ये जबाबदारी स्पष्ट. मात्र स्क्रीनवर, म्हणजे प्रतिस्पर्धी वाट अडवून उभा राहिला की, ‘स्विच!’ (माणसं बदला) ओरडायला एक जण विसरला, की लेअप (बास्केटजवळचा सोपा शॉट) आंदण दिला.

उंच, लांब हातांचे पण पायांनी जड खेळाडू असतील तर झोन. चपळ गार्ड आणि बेंचसकट आठ-नऊ जण दमदार असतील तर मॅन-टू-मॅन.