एटीकेटी की नव्याने प्रवेश?

एटीकेटीत, म्हणजे राहिलेले विषय सोबत घेऊन पुढच्या वर्षात जाण्यात, वर्ष वाचतं, घरचेही निर्धास्त राहतात. पण इंजिनिअरिंगला सकाळी एम-थ्रीचं (गणित-३) लेक्चर आणि रात्री राहिलेला एम-वन (गणित-१)! माझ्या भावाच्या टेबलावर दोन्ही वर्षांच्या वह्या एकावर एक रचलेल्या असायच्या. वरची उघडायची तर खालची आधी समजायला हवी. पाया कच्चा राहिला की विषय साचतच जातात.

शाखा बदलून नव्याने प्रवेश घेतला तर वर्ष जातं, फी पुन्हा भरावी लागते. मात्र गुणपत्रिका कोरी मिळते. शिवाय यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधले, म्हणजे पास झालेल्या विषयांच्या ऑनलाइन खात्यात जमा झालेले क्रेडिट्स जास्तीत जास्त ७ वर्षं ग्राह्य राहतात. नवं कॉलेज त्यातले किती धरतं, हे प्रवेशाआधीच विचारा.

एक-दोन विषय अडले असतील तर एटीकेटीच बरी. शाखाच मनाविरुद्ध घेतली असेल, तर पालकांनो, त्या एका वर्षाचा हिशोब मांडत बसू नका.