बिनव्याजी कार्ड, व्याज देणारं खातं: ब्रिटनमधल्या शून्य टक्के कार्डांची पारख

ब्रिटनमध्ये बऱ्याच बँका नव्या ग्राहकाला क्रेडिट कार्डावर ठरावीक महिने व्याज लावत नाहीत. तेवढे महिने रोजचा खर्च कार्डावर करायचा, पगारातले तेच पैसे बचत खात्यात व्याजावर ठेवायचे आणि मुदत संपायच्या आत कार्ड फेडून मोकळं व्हायचं. इथे याला स्टूझिंग म्हणतात. यात बेकायदेशीर काही नाही. मात्र ‘शून्य टक्के’ लिहिलेलं प्रत्येक कार्ड या कामाचं नसतं.

आमची पसंती एकाच प्रकाराला: खरेदीवर शून्य टक्के देणारं कार्ड. त्यावर खरेदीला शुल्क नसतं, त्यामुळे खात्यातलं व्याज जवळजवळ पूर्ण हातात राहतं. समजा २० महिन्यांची मुदत आहे, मर्यादा ५,००० पौंड आहे आणि किराणा, पेट्रोल, विमा मिळून महिन्याला ५०० पौंड कार्डावर जातात. दहा महिन्यांत मर्यादा भरते, पुढचे दहा महिने रक्कम खात्यात पडून राहते. खातं ४ टक्के देत असेल, तर कार्डाला दरमहा भरावेच लागणारे किमान हप्ते वजा जाता २२५ पौंडांच्या आसपास व्याज सुटतं. शिवाय १०० पौंडांपेक्षा महाग आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूवर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टचं कलम ७५ लागू होतं. दुकान बुडालं किंवा माल खराब निघाला, तर कार्ड कंपनीकडेही दाद मागता येते.

दुसरा प्रकार मनी ट्रान्सफर कार्डांचा. यात बँक रक्कम थेट तुमच्या चालू खात्यात टाकते. ऐकायला हेच सर्वात सोपं वाटतं, पण हिशेब मांडला की चित्र बदलतं. ५,००० पौंडांवर ४ टक्के शुल्क म्हणजे २०० पौंड पहिल्याच दिवशी बाकीत चढले. बारा महिन्यांची मुदत आणि खात्यावर ४ टक्के व्याज असेल, तर पूर्ण रक्कम वर्षभर न हलवता ठेवली तरी २०० पौंडच मिळतात. किमान हप्ते त्यातूनच जातात, म्हणजे हा व्यवहार तोट्याचाच. अठरा महिने मिळाले तर सत्तरएक पौंड हाती लागतील. तेवढ्यासाठी आम्ही हे कार्ड सुचवणार नाही.

बॅलन्स ट्रान्सफर कार्ड उपयोगी पडतं ते पहिल्या कार्डाची मुदत संपताना, बाकी दुसरीकडे हलवायला. पण ३ टक्के शुल्क धरलं तर ५,००० पौंडांवर १५० पौंड जातात, आणि ४ टक्क्यांच्या खात्यातून तेवढे भरून यायला नऊ महिने लागतात. शुल्क नसलेलं कार्ड मिळालं तरच हा मार्ग धरा. एकाच बँकसमूहातल्या दोन कार्डांत सहसा बाकी हलवता येत नाही, हेही आधी बघा.

अर्ज करण्यापूर्वी बँकेचं पात्रता तपासणीचं पान वापरा. त्या तपासणीचा क्रेडिट स्कोअरवर परिणाम होत नाही, प्रत्यक्ष अर्जाची मात्र नोंद राहते. जाहिरातीत ‘२० महिन्यांपर्यंत’ असेल, तर त्यातला ‘पर्यंत’ नीट वाचा; तुम्हाला बाराच महिने मिळू शकतात. मुदत बहुतेकदा खातं उघडल्याच्या दिवसापासून मोजतात, पहिल्या खरेदीपासून नाही.

कार्ड आलं की त्याच दिवशी किमान रकमेचं डायरेक्ट डेबिट, म्हणजे दरमहा बँक खात्यातून आपोआप पैसे वळते होण्याची सोय, लावा. घोटाळा होतो तो इथेच. पहिल्या स्टेटमेंटपर्यंत डेबिट सुरू झालेलं नसलं, तर तो हप्ता हातानेच भरावा लागतो. एक हप्ता चुकला की साधारण १२ पौंड दंड बसतो, आणि शून्य टक्क्यांची सवलतही काढून घेतली जाऊ शकते. मग विशीच्या पुढच्या टक्केवारीने व्याज सुरू. या कार्डाने एटीएममधून रोख काढू नका: त्यावर शुल्क लागतं आणि व्याज सहसा त्याच दिवसापासून चढतं.

पैसे कधीही काढता येतील अशाच खात्यात ठेवा. मुदत ठेवीचा दर थोडा जास्त दिसतो, पण ती कार्डाच्या तारखेनंतर पिकणार असेल तर फेडायला पैसे कुठून आणणार? रेग्युलर सेव्हर खात्यांचे दर आकर्षक असतात, पण दरमहा थोडीच रक्कम भरू देतात. खरेदीचे पैसे महिन्या-महिन्याने साठत असल्यामुळे त्यांचा मेळ मात्र छान बसतो. कराचंही बघा: बेसिक रेटच्या (आयकराच्या सर्वात खालच्या टप्प्यातल्या) करदात्याला वर्षाला १,००० पौंड आणि हायर रेटच्या (त्यावरच्या टप्प्यातल्या) करदात्याला ५०० पौंड व्याज करमुक्त आहे, ॲडिशनल रेट (सर्वात वरचा टप्पा) असेल तर काहीच नाही. आयसात (ISA, म्हणजे वर्षाला ठरावीक मर्यादेपर्यंतच पैसे भरता येणारं करमुक्त बचत खातं) ही रक्कम ठेवायची असेल, तर तो फ्लेक्सिबल आहे का, म्हणजे काढलेले पैसे त्याच वर्षी परत भरू देतो का, ते विचारा. नसेल, तर पैसे काढताच त्या वर्षाची वापरलेली मर्यादा परत मिळत नाही.

सहा-आठ महिन्यांत घरासाठी कर्ज काढायचं असेल, तर यात पडू नका. कर्ज देणाऱ्याला कार्डावरची मोठी बाकी दिसते, खात्यातली शिल्लक क्रेडिट अहवालात दिसत नाही. बाकीच्यांनी फेडण्याची तारीख मुदतीच्या एक महिना आधीची धरावी आणि पैसे पोचल्यावर बाकी शून्य झाल्याचं ॲपमध्ये तपासावं. शेवटच्या आठवड्यातली एखादी खरेदी कार्डावर नंतर चढते, आणि तीच राहून जाते.