कोरियन मैत्रिणीपर्यंत पोहोचवणारे संथ टपाल : ‘स्लोली’ अ‍ॅपचे परीक्षण

परदेशातील समवयस्काशी मैत्री जुळवून देऊ म्हणणारी अ‍ॅप्स पुष्कळ आहेत. पण त्यांपैकी बहुतेकांवर ओळख जितकी चटकन होते तितकीच चटकन ती विरूनही जाते. हाँगकाँगमध्ये तयार झालेले आणि २०१७ पासून चालू असलेले ‘स्लोली’ मुद्दामच सावकाश चालते. येथे निरोप लगेच पोहोचत नाही. दोन व्यक्तींमधील अंतर जितके जास्त तितका पत्राला वेळ अधिक लागतो, आणि पत्र वाटेत असेपर्यंत ते पोहोचायला किती अवधी उरला आहे एवढेच कळते. पुण्यात बसून दक्षिण कोरियातील तेगू शहरात राहणाऱ्या मुलीशी मैत्री करताना मला या अ‍ॅपचा सर्वांत मोठा उपयोग झाला तो या उशिराचाच.

याचे कारण साधे आहे. आम्हा दोघींचीही इंग्रजी शाळेत शिकलेली, आणि कोरियाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. गप्पांच्या एका दुसऱ्या अ‍ॅपवर पहिल्या पाच मिनिटांतच फोटो मागणारे आणि न दिल्यास गायब होणारे लोक मला भेटले होते. येथे टोपणनाव आणि रेखाटलेला चेहरा एवढ्यावर काम भागते आणि दोघांची संमती असेल तरच छायाचित्रे पाठवता येतात. उत्तर ताबडतोब द्यायचे नसल्यामुळे माझी मैत्रीण शब्दकोश किंवा ‘पापागो’ हे भाषांतराचे अ‍ॅप उघडून निवांत लिहिते, आणि मीही ‘हाय, कशी आहेस’च्या पुढे जाते.

कोरियन व्यक्तीशी पत्रव्यवहार करणाऱ्याने एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी : जन्मवर्ष फार लवकर विचारले जाते, आणि त्यात आगाऊपणा नसतो. जन्मतःच एक वर्ष आणि पुढे प्रत्येक नववर्षाला एकेक वर्ष धरण्याची तेथील जुनी पद्धत जून २०२३ मध्ये सरकारी व्यवहारातून बाजूला पडली, तरी कोण थोरले आणि कोण धाकटे हे ठरल्याशिवाय बोलण्याची रीत ठरत नाही. आपल्याकडेही तू आणि तुम्ही आहे, परंतु वर्षभराने मोठ्या असलेल्या मैत्रिणीला आपण काही अहो-जाहो करत नाही. तेथे एवढा फरकही मोजला जातो. आमचे जन्मवर्ष एकच निघाले आणि पुढच्याच पत्रापासून तिचा सूर मोकळा झाला.

खरी मैत्री जमली ती मात्र मोदकांवरून. गणपतीत मी उकडीच्या मोदकांविषयी लिहिले, तर तिच्याकडून छुसॉक या तेथील शरदातल्या सणाला करतात त्या सोंगप्यॉन या पदार्थाचे वर्णन आले. तांदळाच्या पिठात गरम पाणी घालून ते मळायचे, पारीत तीळ-साखर, चेस्टनट किंवा कडधान्याचे सारण भरून तिला अर्धचंद्राचा आकार द्यायचा, आणि पाइनच्या सुया पसरून त्यांवर ते वाफवायचे. आमच्याकडे हळदीचे पान असते, तेथे पाइनच्या सुया. दोन्हीकडे वाफेबरोबर पानाचा वास पिठात उतरतो. सुबक सोंगप्यॉन करणारीला देखणी मुलगी होते असे तिची आजी सांगते म्हणे. कळ्या नीट न पडलेल्या मोदकावरून आमच्या घरी होणारी शेरेबाजी मी तिला सविस्तर कळवली, आणि त्या पत्राला आलेले उत्तर आजवरचे सर्वांत लांब होते.

अ‍ॅपची मर्यादाही याच संथपणात आहे. कोरियन भाषा शिकायची असेल, वाक्य लगेच दुरुस्त करून हवे असेल, तर हे साधन उपयोगाचे नाही. टोपणनावाआड समोरची व्यक्ती खरोखर सांगते त्या वयाची आहे की नाही, हेही पत्रांवरून कळत नाही. मूळ वापर विनामूल्य आहे, काही सोयींना पैसे पडतात, आणि अ‍ॅपमधल्या पत्रांवर लावायची देशोदेशींची टपाल तिकिटे जमवण्याचा छंद ज्याला नाही त्याला या सोयींची गरज फारशी भासणार नाही. ओळख जुनी झाली की कोरियन मित्रमंडळी बहुधा ‘काकाओटॉक’ या तेथील झटपट निरोपांच्या अ‍ॅपवर यायला सांगतात. तेथे निरोपाशेजारचा छोटा १ हा आकडा समोरच्याने वाचताच नाहीसा होतो, त्यामुळे वाचूनही उत्तर न देणे लपत नाही. घाई टाळण्यासाठी ‘स्लोली’ निवडणाऱ्याने याचा विचार करून ठेवावा.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी दोन सूचना. आवडीनिवडींच्या यादीत केवळ कोरियन मालिका आणि गाणी लिहू नयेत; त्यावर येणारी पत्रे एकसारखी असतात, स्वयंपाक किंवा डोंगरभटकंती लिहिल्यास बोलायला जास्त विषय मिळतात. आणि पत्रमित्राने भेटवस्तू पाठवली असून ती सोडवण्यासाठी कस्टमचे पैसे भरा असे कोणी कळवले, तर ती व्यक्ती कितीही गोड लिहीत असो, एक रुपयाही न भरता तिला तत्काळ ब्लॉक करावे आणि अ‍ॅपकडे तक्रार नोंदवावी.