सेकंडहँड १० मीटर एअर पिस्तूल: एक पावसाळा काढल्यानंतर

जुनं एअर पिस्तूल घेताना लोक नळीत डोकावतात. विकणाराही "रायफलिंग (नळीतले पिळाचे खाचे) बघा, आरसा आहे" म्हणतो आणि घेणारा खूश होतो. मऊ शिशाचं पेलेट (छर्रा) सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने जातं, त्याने नळी काय झिजणार? आधी बघायची ती हवेच्या सिलिंडरवरची तारीख, मग मूठ. बाकीचं त्यानंतर.

माझ्याकडे आलं ते स्टायर एलपी १०. पीसीपी, म्हणजे नळीखालच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबापर्यंत हवा भरायची आणि रेग्युलेटर दर शॉटला मोजून हवा सोडतो. ठाण्यातल्याच एका नेमबाजाने नवीन घेतलं म्हणून जुनं विकलं, नव्याच्या साधारण निम्म्या किमतीत. ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलच्या आत ताकद असल्यामुळे याला शस्त्र परवाना लागत नाही. हे जेमतेम सहा ज्यूलचं आहे.

सोबत दोन सिलिंडर मिळाले. बनल्यापासून १० वर्षं ही त्यांची मुदत, तारीख अंगावरच कोरलेली असते. एकाची उलटून गेली होती. "सरावाला चालतो की" असं रेंजवर हमखास कोणीतरी सांगतं. दोनशे बारची नळकांडी स्वतःच्या हातात, तोंडासमोर धरायची असते, त्यामुळे नाही चालत. स्पर्धेत तपासणीच्या टेबलावरही मुदतीची जबाबदारी नेमबाजाचीच. त्या सिलिंडरची किंमत शून्य धरून मी भाव केला, तुम्हीही तसाच करा.

मुठीवर मात्र सगळ्यात जास्त वेळ गेला. आधीच्या मालकाचा पंजा मोठा, त्यात त्याने कानस मारून लाकूड आपल्या बोटांप्रमाणे कोरलेलं. माझा हात लहान. पकड ढिली असली की मनगट दर वेळी वेगळ्या कोनात बसतं, आणि पिस्तुलात सगळा खेळ कोनाचा आहे. नेम धरायच्या मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये साधारण ३५ सेंमी अंतर असतं. अख्खा हात मिलिमीटरभर सरकला तर छिद्रही मिलिमीटरभरच सरकतं. पण मागच्या खाचेत पुढची साइट एक मिलिमीटर बाजूला गेली, तर १० मीटरवर ते जवळपास तीन सेंटिमीटर होतात! म्हणून हात डुलतो याची काळजी नको, साइट खाचेत राहते का ते बघा, असं आमचे प्रशिक्षक सर रोज ओरडतात. नवी मूठ महाग. मी एम-सील आणून तळव्याच्या बाजूला भर घातली, वाळल्यावर कानस, मग पॉलिश पेपर. दोन-तीन आठवडे रोज थोडं काढ, थोडं लाव. दिसायला भयानक आहे, पण डोळे मिटून हात उचलला आणि उघडले की साइट आता खाचेच्या मधोमध असते. फक्त अख्खं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या तपासणी पेटीत बसलं पाहिजे, तेवढं भान ठेवून भर घाला.

ट्रिगरचं वजन स्पर्धेत किमान ५०० ग्रॅम लागतं. आधीच्या मालकाने अगदी काठावर ठेवलं होतं. मी थोडं वाढवून घेतलं, तपासणीच्या रांगेत धडधड नको.

आता पेलेट. आमच्याकडे काही मंडळी सराफी काट्यावर एकेक पेलेट तोलतात, ०.५३ ग्रॅमचे वेगळे, ०.५२ चे वेगळे. रायफलवाल्यांचं मी समजू शकते. त्यांच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे रेषेला स्पर्श धरूनही छिद्राचं केंद्र मध्यापासून अडीच मिमीच्या आत हवं. पिस्तुलाचं दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं. तिथे हाच हिशेब आठ मिमीवर जातो. सरांनी पिस्तूल व्हाइसमध्ये (शिकंजात) बांधून साधे, न तोललेले मॅच पेलेट मारले, तर पाचही जवळपास एकाच भोकात. तेव्हा मला मिळणारे सात आणि आठ गुण कोणामुळे, हे वेगळं सांगायला नको. काट्याचे पैसे वाचवा आणि दोन डबे जास्त घ्या. ६० शॉटचा सामना आणि आधीचे सायटिंगचे (नेम जुळवायचे) शॉट धरले, तर ५०० चा डबा बघता बघता संपतो.

पावसाळ्यात मात्र पेलेट जपावे लागतात. ठाण्याच्या दमट हवेत उघड्या डब्यातल्या शिशावर पांढुरकी भुकटी धरते. मी डबा सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवते, आणि रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याला हात लावत नाही. हातपंप घेऊच नका असं माझं मत. जुलैमध्ये आपल्याकडे पंपाने हवा भरायची म्हणजे सिलिंडरमध्ये पाणीच भरायचं. रेंजवरच्या मोठ्या टाकीतून सावकाश भरा. टाकी अर्धी झाली असेल तर २०० बार मिळत नाही, दीडशेवर समाधान मानावं लागतं. ओ-रिंगला (हवा गळू नये म्हणून असलेल्या रबरी कडीला) फक्त सिलिकॉन ग्रीस. शिवणयंत्राचं तेल तिथे अजिबात नको, दाबाखालच्या हवेत ते पेट घेऊ शकतं.

येण्याजाण्याचं अनेक जण विचारतात. माझी रेंज नवी मुंबईत, म्हणून ठाणे-वाशी लोकल. पेटीला कुलूप, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं असल्याची खूण), सोबत बिलाची प्रत आणि क्लबचं ओळखपत्र. स्टेशनवर बॅग तपासणाऱ्याला "पिस्तूल" म्हणण्याआधी "नेमबाजीचं सामान" म्हणा आणि कार्ड पुढे करा, पुढचा संवाद बराच सोपा होतो.

घरी फक्त ड्राय फायरिंग. या पिस्तुलात हवा न सोडता ट्रिगर ओढायची सोय आहे, कोरी भिंत पुरते. सोसायटीच्या गॅलरीत खरं पेलेट मारायचा विचारही नको.

पुढच्या वर्षी दुसऱ्या सिलिंडरचीही मुदत संपेल, तेव्हा नवा घ्यायचाच आहे. जुन्या मॉडेलला कोणता चालतो ते विक्रेत्याला अनुक्रमांक कळवून आधी विचारा, यायला महिने लागतात.